पंखेबाई आणि सत्तेचाळीस हात

पंखेबाईंनी बावीस वर्षं पंख्याच्या खोक्यात घालायचे कागद काढले. म्हणजे नवा पंखा घेतला की खोक्यात जो घडीचा कागद निघतो, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि पंखा उलटा फिरायला लागला की सगळं घर ज्याला शोधत सुटतं, तो कागद. त्यावर एक शब्द नसे. कारखान्याचे पंखे दहा भाषा बोलणाऱ्या मुलखात जायचे. दहाही भाषा छापल्या असत्या तर पंख्यापेक्षा कागद जड झाला असता. म्हणून सगळा कारभार चित्रांत. हा स्क्रू इथे, हे पातं असं, आणि वायर आधी जोडलीत तर हा बघा, केस उभे राहिलेला माणूस. तो माणूस बाईंचा फार लाडका. दर दोन वर्षांनी त्या त्याला नवा शर्ट घालत. कुणाच्याही कधी लक्षात आलं नाही.

एकदा वरच्या साहेबांनी लाल पेनाने त्याचे केस खाली बसवले. म्हणाले, "जरा जास्त वाटतं." चित्र तसंच छापलं गेलं. त्या उन्हाळ्यात तीन गिऱ्हाइकांची पत्रं आली की आम्ही वायर आधी जोडली, चित्रातला माणूस तर मजेत दिसत होता. बाईंनी ती तिन्ही पत्रं जपून ठेवली. ज्याचं चित्र त्याचाच हात, दुसऱ्याने लुडबूड केली की कुणाला तरी झटका बसतो, हे त्या तेव्हा शिकल्या.

निवृत्त झाल्यावर बाई चार महिने घरी बसल्या. पाचव्या महिन्यात नवराच म्हणाला, "तू बाहेर काहीतरी कर. दूध कसं ठेवायचं याची चित्रं फ्रिजवर लावलीस तू माझ्यासाठी. मला समजली, हे त्याहून वाईट."

मग त्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली दर शनिवारी मागून घेतली आणि मुलांना चित्रांतून गोष्ट सांगायला शिकवू लागल्या. आधी चित्रपुस्तक, मग त्याचाच छोटासा चित्रपट. एका वेळी मोजून सहा मुलं. सातवं आलं तर त्याला पुढच्या वर्षी ये म्हणायच्या, कारण स्टुलं सहाच होती. ही स्टुलं नवऱ्याने मधोमध भोक पाडून तयार करून दिली होती. भोकावर घरातला जुना फोन पालथा ठेवायचा, खाली जमिनीवर चित्र मांडायचं, दोन्ही बाजूंना दोन दिवे, आणि फोनला लावलेल्या इअरफोनच्या वायरीवरचं बटण दाबायचं की फोटो निघतो. कागदाची बाहुली जराशी सरकवायची, फोटो. पुन्हा जराशी, पुन्हा फोटो. बारा फोटो झाले की एक सेकंद. हे हिशेब ऐकून मुलांचे चेहरे उतरत. पूर्ण सकाळ घाम गाळून सतरा सेकंद हाती लागली की पैलवान नावाचा एक काडीसारखा मुलगा म्हणायचा, "बाई, यापेक्षा खरंखुरं जगणं लवकर होतं."

पण त्याआधी पुस्तक. आठ पानांचं, बिनशब्दांचं. बाई सांगत, "पान उलटणं म्हणजे दार उघडणं. दाराच्या अलीकडे जे होतं तेच पलीकडे असेल तर दार कशाला उघडायचं?" आणि पुस्तक झालं की परीक्षा. परीक्षक म्हणजे तळमजल्यावरचे डिंककाका.

डिंककाका फाटकी पुस्तकं शिवत, चिकटवत, बांधत. एकोणतीस वर्षं त्यांच्या हाताखालून पुस्तकं गेली होती आणि त्यांनी एकही वाचलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, "मला बाहेरचा पगार मिळतो, आतला नाही." बाईंना असाच माणूस हवा होता. मूल आपलं पुस्तक घेऊन खाली जायचं, काका डिंकाचे हात पुसायचे, पानं उलटायचे आणि काय दिसलं ते सांगायचे. मुलाने तोंड उघडायचं नाही. काकांनी भलतंच सांगितलं तर चूक चित्राची, काकांची नाही.

पैलवानाने कुत्रा मांजराला विहिरीतून वाचवतो अशी गोष्ट काढली होती. काका शेवटचं पान बघून म्हणाले, "वाईट झालं. खाल्लं त्याने तिला."

"खाल्लं नाही, काका. तोंडात धरून वर आणलंय."

"बाई," काकांनी वर हाक मारली, "हा बोलतोय."

बाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "अरे, खोक्यात बसून गिऱ्हाइकाच्या घरी जाणारेस का तू? जाऊन समजावणारेस? मांजराचे डोळे उघडे काढ."

त्या सहा जणांत एक आठ वर्षांची मुलगी होती. घरून भुवया कोरायचा चिमटा घेऊन यायची आणि कागदाचे कपटे त्यानेच उचलायची, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं. तिच्याबरोबर यायची तिची आई. बाकीची मुलं दारात सोडून आईबाप पसार होत. ही बाई खोलीत शिरली, खिडकीशी गेली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "गज नाहीत याला."

"खिडकी गेली सहा वर्षं तिथेच आहे," पंखेबाई म्हणाल्या. "अजून कुणी गेलं नाही तिच्यातून."

"कात्र्या टोकाच्या आहेत."

"बोथट कात्रीने कागद फाटतो आणि मूल चिडतं. चिडलेलं मूल जास्त धोक्याचं."

"आणि डिंक? कशाचा असतो? मी औषधांच्या दुकानात असते म्हणून विचारते. पोटात गेला तर?"

"डिंककाकांच्या पोटात एकोणतीस वर्षं जातोय."

चिमटीची आई हसली नाही. तिने पर्स छातीशी धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मी इथे कोपऱ्यात बसू का? काही बोलणार नाही. काही करणार नाही. नुसती बसते."

पंखेबाईंचा नियम पक्का होता: मोठ्या माणसांनी जिन्याखाली थांबायचं. पण ती पर्स ज्या तऱ्हेने धरली होती ते चित्र बाईंना वाचता आलं, आणि तिथेच त्या फसल्या. म्हणाल्या, "बसा. पण हात मांडीवर."

चिमटीची गोष्ट होती एका बटणाची. खुर्चीवर टाकलेल्या शर्टाचं बटण तुटतं आणि घर सोडून बाहेर काय आहे ते बघायला निघतं. सतरंजीवरून, चपलांच्या मधून, उंबऱ्यावरून, दाराबाहेर. एवढीच गोष्ट. पुस्तक झालं तेव्हा डिंककाकांनी एका दमात बरोबर सांगितली, आणि वर म्हणाले, "जाऊ दे त्याला. शर्टात काय ठेवलंय." चिमटीने तीन दिवस घरी हेच वाक्य ऐकवलं. मग चित्रपटाची तयारी. तिने पुठ्ठ्याचं बटण कापलं, त्याला चार भोकं पाडली. बटण कसं घरंगळतं ते बघायला आईच्या कोटाचं एक बटण खरंच तोडलं. जमिनीवर सोडून सोडून बघितलं. ते सरळ जात नाही, झोकांड्या खात जातं, हे तिने कागदावर ठिपक्यांनी टिपून ठेवलं. वर्षाच्या शेवटी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत पडदा लावून सगळ्या गावासमोर सहाही चित्रपट दाखवायचे होते. चिमटीने मावशीला, आत्याला, शाळेतल्या बाईंना, चष्म्याच्या दुकानवाल्याला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझं बटण बघायला या.

तीन शनिवार शूटिंग चाललं. बाईंचा आणखी एक नियम होता. फोटो काढून होईपर्यंत फोनमध्ये डोकावायचं नाही. मुलं दर दहा फोटोंनी बघत बसतात, मग हिरमुसतात, मग सोडून देतात, असा त्यांचा अनुभव. "शिजत असताना झाकण उघडायचं नाही," त्या म्हणत. त्यामुळे मुलं फक्त सरकवत, दाबत आणि कागदावर एक रेघ ओढत.

दुसऱ्या शनिवारी चिमटी तक्रार घेऊन आली. "बाई, माझं बटण आपोआप सरकतं. मी कडेला ठेवते, रेघ ओढून परत बघते तर मध्ये."

"आपोआप कसं सरकेल?"

चिमटीने मान वर केली. बाईंनीही केली. वर पंखा फिरत होता.

बावीस वर्षांत पंख्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता. बाईंना ते लागलं. पण न्याय म्हणजे न्याय. त्यांनी पंखा बंद केला. बंद खोलीत, पडदे ओढून, बारा दिव्यांच्या उजेडात सहा मुलं आणि दोन बायका दोन शनिवार घामाने निथळत बसल्या. पैलवान म्हणाला, माझं वजन उतरतंय, घरी काय सांगू.

सहाशे बारा फोटो झाले. म्हणजे एक्कावन्न सेकंद. उद्या रविवार, उद्या दहा वाजता कार्यक्रम. सगळी मुलं बाईंच्या लॅपटॉपभोवती जमली आणि बाईंनी चिमटीचं बटण चालू केलं.

शर्टाचं बटण तुटलं. मुलं 'आहा' म्हणाली. बटण खुर्चीवरून खाली पडलं, एक झोकांडी खाल्ली, कडेला निघालं, आणि एक हात आला. नुसता हात, मनगटापासून पुढे, दाराएवढा मोठा, डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात आला आणि गेला. बटण मधोमध येऊन बसलं. बटण पुन्हा निघालं. पुन्हा हात. सतरंजीवर हात. चपलांपाशी दोनदा हात. उंबऱ्याशी तर हाताने जरा मुक्कामच केला. पडद्यावर हातावर पेनाने लिहिलेलं 'दूध, फी, पंप' इतकं स्वच्छ वाचता आलं.

मग सगळ्यांनी हळूहळू माना वळवल्या.

"मी हात लावलेला नाही," चिमटीची आई म्हणाली. "बाई, शप्पथ. मी नुसती बसले होते." असं म्हणताना तिचा हात टेबलावरच्या पेन्सिली एका ओळीत लावत होता. टोकं एका बाजूला, बुडं एका बाजूला. पैलवानाने ते बघितलं, चिमटीने बघितलं, आणि शेवटी तिने स्वतः बघितलं. दिवसभर दुकानात गोळ्यांची पाकिटं सरळ करणारा हात. मालकिणीला न विचारता तो कामं उरकत होता. कोपऱ्यातली आईची खुर्चीही कधीच चिमटीच्या स्टुलाजवळ सरकली होती. चिमटी रेघ ओढायला मान खाली घालायची, बटण वाकडं दिसायचं, हात जायचा, सरळ करायचा; आणि चिमटी खाली बघतच वायरीवरचं बटण दाबायची. बाईंनी फोटो मोजले. सत्तेचाळीस.

"हातवाले फोटो काढून टाकले तर?" आईने विचारलं.

"तर बटण कडेला असतं आणि एकदम मध्ये उगवतं. सत्तेचाळीस वेळा," बाई म्हणाल्या. "चालल्यासारखं नाही, उचक्या लागल्यासारखं दिसेल."

"मग मी रात्री बसून सगळं पुन्हा करते. सहाशेच तर आहेत. सकाळपर्यंत होईल. चिमटी झोपेल, मी करते."

चिमटीने आपला चिमटा डबीत ठेवला, डबी बंद केली आणि म्हणाली, "मग ती तुझीच होईल. आताही तुझीच आहे अर्धी. माझं नाव लावू नका, बाई. उद्या पाचच दाखवा."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं पंखेबाईंना वाटलं. रडणाऱ्या मुलाला पाणी देता येतं. आईकडे तर त्यांनी बघायचंच टाळलं. खरं म्हणजे दोष त्यांचाच होता. एक नियम मोडला तिथे मोडायला नको होता, आणि दुसरा पाळला तिथे मोडायला हवा होता. पहिल्या शनिवारी झाकण उघडलं असतं तर पंखाही सुटला असता आणि बटणही. पण हे सगळं बोलून मूल परत येत नाही. त्यांनी लॅपटॉप उचलला. "चला खाली. परीक्षा राहिलीये."

"नापासच आहे ती," चिमटी म्हणाली.

"ते काका ठरवतील. तोंड उघडायचं नाही. तुम्हीसुद्धा," त्या आईला म्हणाल्या, "आणि हात खिशात."

डिंककाकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि बघितलं. मग म्हणाले, "परत लावा." दुसऱ्यांदा बघताना ते मध्येच फिसकन हसले. एकोणतीस वर्षांत त्यांना हसताना बघितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"सांगू?" ते म्हणाले. "एक बटण आहे, त्याला फिरायला जायचंय. आणि एक बाई आहे, ती सारखी त्याला मागे आणून ठेवते."

"बाईच कशावरून?" पैलवानाने विचारलं. त्याला तोंड उघडायची बंदी नव्हती, असं त्याचं म्हणणं.

"फी भरायची आठवण पुरुष हातावर लिहीत नाही."

"दुष्ट आहे ना ती?"

काकांनी मान हलवली. "नाही रे. दुष्ट हात आपटतो. रोज बघतो मी, पुस्तकं फाडून आणतात त्यांचे हात. हा बघ, हलकेच येतो, ठेवतो, आणि जाता जाता बोटाने परत एकदा ठीक करून जातो. घाबरट आहे बिचारी." मग चिमटीकडे वळून ते म्हणाले, "पण एक सांगतो, गोष्ट अपुरी आहे. बटण दाराबाहेर गेलं, ठीक. तो हात कुठे गेला? इतका वेळ मागे लागला होता, शेवटी काय झालं त्याचं? मेला का?"

चिमटीची आई खिशात हात घालून उभी होती. ती खाली बघत होती.

चिमटी म्हणाली, "मेला नाही." आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण नियम. पण डोळ्यांत काहीतरी हललं होतं. पंखेबाई हे ओळखत. मुलाला कुणी 'छान आहे' म्हटलं की ते सुखावतं. 'पुढे काय झालं' म्हटलं की ते कामाला लागतं.

जिना चढताना सल्ल्यांचा पाऊस पडला. पैलवान म्हणाला, हात दार लावून घेतो आणि बटण चिरडतं. दुसरी एक म्हणाली, हात बटणाला टाटा करतो. आईने भीत भीत सुचवलं, हात बटणाला स्वेटर देतो.

"बटणाला स्वेटर?" चिमटीने विचारलं.

"बाहेर गार असेल म्हणून."

"कुणी काही सांगायचं नाही," चिमटी म्हणाली. "आई, तू इकडे बस. तुझा हात लागणारे मला."

बटण उंबऱ्यावर ठेवलं गेलं, वाकडं, एका कडेवर टेकलेलं. आईचा हात त्याच्या शेजारी. चिमटी वायर धरून बसली. "आता मी सांगीन तेव्हा अर्धं बोट मागे. फक्त अर्धं. मग थांब. मी दाबलं की परत अर्धं. असं चित्राबाहेर जाईपर्यंत. छत्तीस वेळा."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच होतं, पण ते काही सोपं नव्हतं. पहिले तेरा फोटो ठीक गेले. चौदाव्याला आई म्हणाली, "ते बटण पडेल गं असं ठेवलंस तर." चिमटी म्हणाली, "हात बोलत नाही." पंखेबाई दुसऱ्या बाजूला दिवा धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलाही मोकळा हात आपण पाठीमागे घट्ट धरून ठेवलाय. त्या बाईचं मनगट मागे ओढून द्यावं, पटकन संपवून टाकावं, असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी नाही ओढलं.

एकविसाव्या फोटोला आईची तर्जनी पुढे गेली. मागे नाही, पुढे. बटणाच्या दिशेने, नखभर. आणि नेमकं तेव्हाच चिमटीने दाबलं.

"गेला माझा हात," आई म्हणाली. "पुसून टाक तो. परत करू. पहिल्यापासून करू."

चिमटीने या वेळी झाकण उघडलं. सरळ फोन उलटा करून तो फोटो बघितला. बाईंनी अडवलं नाही. तिने बराच वेळ बघितला आणि फोन परत भोकावर ठेवला. "राहू दे. बरोबर आहे. तो हात असाच आहे. आता मागे, अर्धं."

छत्तीस फोटो व्हायला पाऊण तास लागला. चित्रात फक्त उंबरा उरला आणि त्यावर तिरकं बटण. मग चिमटीने चिमटा काढला आणि बटण दाराबाहेर नेलं.

रविवारी सकाळी साडेनऊला पंखेबाईंनी शेवटच्या पाटीचा कागद तिच्यापुढे ठेवला. चिमटीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बटण आणि चित्रं : चिमटी'. मग पेन्सिल चावली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'हात : आई'. आईने वाचलं. पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि शुद्धलेखन बघितल्यासारखं करत पुन्हा वाचलं.

खोली भरली होती. मावशी, आत्या, चष्मेवाला, सगळे. डिंककाका दाराशी उभे होते, हात पुसून. पहिल्यांदा हात आला तेव्हा लोक दचकले. तिसऱ्यांदा आला तेव्हा हसू फुटलं. चपलांपाशी पोचेपर्यंत शाळेतल्या बाई डोळे पुसत होत्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, जाऊ द्या त्याला." मग उंबरा आला. हात मागे सरकू लागला, जरा जरा, आणि लोक गप्प झाले. मध्येच ते बोट पुढे आलं. त्यावर जे हसू उमटलं ते आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. बहुतेक आया तोंडातल्या तोंडात हसल्या. हात गेला. बटण दाराबाहेर गेलं. चिमटीने मुद्दाम ठेवलेली रिकामी दोन सेकंदं पडद्यावर नुसता उंबरा होता.

त्या दोन सेकंदांत पहिल्या रांगेतलं एक अडीच-तीन वर्षांचं पोर उठलं, तुरुतुरु चालत पडद्यापाशी गेलं, पडद्याची कड उचलली आणि बटण कुठे गेलं ते बघायला मागे शिरलं.

पोराची आई धडपडत उठली. तिला वाट द्यायच्या ऐवजी शेजारच्या खुर्चीवरून चिमटीच्या आईने तिची बाही धरली.

"जाऊ द्या हो," ती कुजबुजली. "मागे भिंतच आहे. वायरीही नाहीत. मी सकाळी बघून आलेय."